बंगळुरूतील जुन्या घरांची दारे-खिडक्या : बदलण्यापूर्वी परवानगी कोणाची?

बंगळुरूच्या फ्रेझर टाउन, रिचमंड टाउन, बसवनगुडी किंवा मल्लेश्वरम या भागांतून फेरफटका मारला, तर एक दृश्य वारंवार दिसते. मंगलोरी कौलांचा जुना बंगला उभा असतो, अंगणातील झाडे शाबूत असतात; परंतु दर्शनी भिंतीतील सागवानी खिडकी जाऊन तिथे पांढऱ्या चौकटीची, काचा सरकवण्याची नवी खिडकी आलेली असते. बंगला पाडल्यावर बातमी होते. खिडकी बदलल्याची बातमी होत नाही. मात्र घराचा चेहरा बदलण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

घरमालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेल्या या शहरात एकेकाळी पंख्याचीही गरज भासत नसे. एप्रिल २०१६ मध्ये याच शहराचे तापमान ३९.२ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले. रहदारीचा आवाज, धूळ, डास आणि चोरीची भीती यांमुळे मोकळ्या झिलमिल्यांची खिडकी आज अनेक कुटुंबांना गैरसोयीची वाटते. सुतार मिळत नाही, मिळाला तर सागवानाचा भाव परवडत नाही. उलट ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची तयार खिडकी एका दिवसात बसते. अशा वेळी तीन प्रश्न उभे राहतात. बदल करण्यास कायद्याची आडकाठी आहे काय? असल्यास परवानगी कोठे मागावयाची? आणि मुळात जुनी खिडकी खरोखरच टाकाऊ झाली आहे काय?

माकडटोपी नव्हे, ‘मंकी टॉप’

बंगळुरूच्या बंगल्यांची सर्वांत ठळक खूण म्हणजे खिडकीवर पुढे आलेला लाकडी आडोसा. वर टोकदार त्रिकोणी छप्पर, त्याखाली उभ्या लाकडी पट्ट्यांची जाळी आणि पट्ट्यांची खालची टोके भाल्याप्रमाणे कोरलेली, असे त्याचे रूप असते. इंग्रजीत त्याला ‘मंकी टॉप’ म्हणतात. या नावाच्या उगमाविषयी निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. त्यांपैकी बऱ्याच कथांमध्ये छपरावर येऊन बसणारी माकडे आहेत. मराठीत या शब्दाचे सरळ भाषांतर करण्याचा मोह टाळलेला बरा, कारण ‘माकडटोपी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर थंडीत कान झाकून बसलेले आजोबा येतात. उलट ‘खिडकी’ या शब्दाला भाषांतराची गरजच नाही. कन्नडमध्ये तो ‘किटकी’ म्हणून सुखाने नांदतो आहे.

हा आडोसा केवळ शोभेचा नाही. दुपारचे ऊन आणि तिरका पाऊस तो अडवतो, वारा आत येऊ देतो आणि रस्त्यावरच्या नजरांपासून घरातील माणसांना झाकतो. त्यामागच्या खिडकीची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली असते. खालच्या भागात लाकडी फळी किंवा झिलमिल्या, वरच्या भागात काचेची तावदाने आणि छताजवळ मध्यावर फिरणारा, दोरी ओढून उघडावयाचा झरोका. खालून थंड हवा आत येते, वर साचलेली उष्ण हवा झरोक्यातून बाहेर पडते.

या रचनेला इतिहासाचीही पार्श्वभूमी आहे. १८०९ मध्ये ब्रिटिशांनी येथे छावणी वसवली आणि तिच्याबरोबर बंगल्यांची वस्ती वाढू लागली. तत्पूर्वीचे बंगळुरू म्हणजे मातीच्या तटाआतील दाट पेठ. १६३८ नंतर शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत होती ती हीच. १८९८ मध्ये शहरात प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीचे धोके सर्वांच्या ध्यानी आले. बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या वसाहती त्या काळात आकाराला आल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेझर टाउनची भर पडली. रुंद रस्ते, घरामागील गल्ल्या आणि खोलीत खेळती हवा यांवर तेव्हा विशेष भर होता. म्हणून या घरांतील झरोका ही हौस नव्हती. साथीच्या रोगाने शिकवलेली ती आरोग्याची तरतूद होती. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॅनेट पॉट यांच्या पुस्तकात या बंगल्यांची रेखाचित्रांसह नोंद झाली. त्यांतील बरेच बंगले आज अस्तित्वात नाहीत.

‘संरक्षित’ या शब्दाचे तीन अर्थ

वारशासंबंधीच्या बातम्यांत ‘संरक्षित’ हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि त्यातून घरमालकांचा मोठा गैरसमज होतो. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण हे एकच विशेषण लावतो.

पहिली म्हणजे स्मारके. टिपू सुलतानाचा उन्हाळी राजवाडा आणि बंगळुरूचा किल्ला ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके असून त्यांना १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायदा लागू होतो. राज्याच्या संरक्षणाखालील वास्तूंसाठी कर्नाटकाचा १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे. राहत्या खासगी घरांचा या गटाशी सहसा संबंध येत नाही. मात्र एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो पुढे पाहू.

दुसरी गोष्ट म्हणजे नगर नियोजनाच्या नियमांनुसार सूचीबद्ध झालेली वास्तू. येथे घर खासगी मालकीचेच राहते, परंतु त्यात फेरफार करण्यापूर्वी वारसा समितीची छाननी आवश्यक ठरते. तिसरी गोष्ट म्हणजे केवळ एखाद्या संस्थेच्या किंवा अभ्यासकाच्या यादीत असलेले घर. इंटॅक या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने देशभरात अशा याद्या केल्या आहेत. त्या अत्यंत उपयुक्त आहेत. पण शासनाने अधिसूचना काढल्याशिवाय अशा यादीला कायद्याचे बळ मिळत नाही.

बंगळुरूची अडचण दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीमधील अंतरात आहे. शहराच्या सौंदर्याविषयी सल्ला देण्यासाठी १९७६ मध्ये स्थापन झालेला नागरी कला आयोग २००१ मध्ये गुंडाळण्यात आला. त्यानंतर दीर्घकाळ जुन्या वास्तूंच्या बाजूने बोलणारी अधिकृत यंत्रणा शहरात उरली नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये लालबागेतील क्रुंबिगेल सभागृह आधी अंशतः कोसळले आणि नंतर पाडण्यात आले. सरकारी जागेतील वास्तूची ही गत, तर खासगी बंगल्यांची काय कथा! बृहत् आराखड्याच्या क्षेत्रीय नियमांत दुरुस्ती करून वारसा वास्तूंसाठीची तरतूद २०२० मध्ये करण्यात आली. वास्तूंची श्रेणी ठरवणे आणि समितीमार्फत छाननी करणे हा तिचा गाभा आहे. तथापि, नियम असणे आणि एखादे विशिष्ट घर अधिसूचित यादीत असणे या दोन भिन्न बाबी आहेत. म्हणून बंगळुरूतील जुन्या घराच्या मालकाने पहिले काम करावयाचे ते हे, की आपले घर अधिसूचित यादीत किंवा वारसा क्षेत्रात येते काय, याची लेखी विचारणा नियोजन प्राधिकरणाकडे करावी. शहराची महानगरपालिका २०२५ मध्ये जाऊन तिच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या आहेत. त्यामुळे जुन्या कागदपत्रांवरील कार्यालयाचे नाव पाहून अर्ज करणे आता उपयोगाचे नाही.

स्मारकाशेजारचे घर

आता तो अपवाद. १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून किमान १०० मीटरांचा परिसर प्रतिबंधित आणि त्यापुढील किमान २०० मीटरांचा परिसर विनियमित मानला जातो. बंगळुरूत टिपूचा राजवाडा आणि किल्ला हे दोन्ही दाट वस्तीत आहेत. त्यांच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांची घरे स्वतः ‘वारसा’ असोत वा नसोत, हा कायदा त्यांना लागू होतोच.

प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. परंतु १६ जून १९९२ पूर्वीपासून अस्तित्वात असलेल्या घराची दुरुस्ती व नूतनीकरण करण्यासाठी मालकाला सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे दुरुस्ती व नूतनीकरण म्हणजे अस्तित्वातील वास्तूतील फेरफार. पुनर्बांधणीचा त्यात समावेश नाही. भिंत फोडून चौकट काढणे आणि वेगळ्या मापाची खिडकी बसवणे हा फेरफारच होय.

या प्रक्रियेची मुदतही कायद्यात दिलेली आहे. सक्षम अधिकाऱ्याने १५ दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवावयाचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत आपली शिफारस कळवावयाची आणि त्यानंतर एका महिन्यात अधिकाऱ्याने निर्णय द्यावयाचा. सर्व काही वेळेवर झाले तरी साडेतीन महिने लागतात. फेब्रुवारीत अर्ज करणाऱ्याच्या हाती परवानगी पडेपर्यंत पावसाळा दाराशी आलेला असतो, हे ध्यानात ठेवावे. कुजलेली चौकट सरकारी मुदतीची वाट पाहत नाही, ही घरमालकांची तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही.

मुंबई आणि गोव्याचा अनुभव

सूचीबद्ध खासगी वास्तूंसाठी स्वतंत्र नियम करणारे देशातील पहिले शहर मुंबई. विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ क्रमांकाचा नियम १९९५ मध्ये मंजूर झाला आणि वास्तूंचे तीन श्रेणींत वर्गीकरण झाले. पहिल्या श्रेणीत फेरफारांना जवळजवळ वाव नाही. दुसऱ्या श्रेणीत कठोर छाननीनंतर काही अंतर्गत बदल करता येतात. तिसऱ्या श्रेणीत वास्तूच्या स्वरूपाशी जुळणारे बदल तुलनेने सुलभ आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने या नियमाचे वैशिष्ट्य असे की, पाडकाम आणि नवे बांधकाम यांच्या जोडीला दुरुस्ती, रंगकाम आणि वास्तूतील खास घटक बदलणे यांचाही त्यात उल्लेख होता. आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय यांपैकी काहीही करता येत नसे. खिडकी ही अशी सरळ कायद्याच्या कक्षेत आली.

तरीही नियमाने सर्व काही साधले, असे नाही. ३० जून २०१८ रोजी मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्या आर्ट डेको इमारतींची वळणदार सज्जे आणि आडव्या रेषांच्या खिडक्या ही तर ओळख. परंतु खोली वाढवण्यासाठी सज्जे काचांनी बंद करणे आणि मजल्यामजल्यावर वेगवेगळ्या नमुन्याच्या खिडक्या बसवणे हे प्रकार शहरात सर्रास घडले. एका इमारतीत अनेक बिऱ्हाडे असतात आणि प्रत्येकाची निवड वेगळी असते. बंगळुरूच्या बंगल्यात निदान निर्णय एका कुटुंबाचा असतो, हा तेथील त्यातल्या त्यात दिलासा.

गोव्यातील पेच आणखी निराळा. पणजीच्या फोंताइन्हास भागात आणि गावोगावच्या जुन्या घरांत शिंपल्यांची तावदाने असलेली ‘जनेलां’ आजही पाहावयास मिळतात. काच दुर्मीळ असताना चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांमध्ये ओळीने बसवले जात. त्यांतून येणारा दुधाळ उजेड काचेतून येत नाही. हे शिंपले ज्या प्राण्याचे, त्याचा समावेश २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत झाला. म्हणजे घराचा वारसा जपावयाचा तर शिंपला हवा आणि निसर्गाचा वारसा जपावयाचा तर तो खाडीतून काढता येत नाही! त्यामुळे मोडकळीस आलेल्या जुन्या खिडक्यांतून सुटे झालेले शिंपले जपून ठेवणे, हाच तेथे दुरुस्तीचा मार्ग उरतो.

कर्नाटकातच, म्हैसूरच्या यादवगिरी भागातील कादंबरीकार आर. के. नारायण यांचे घर २०११ मध्ये पाडले जाऊ लागले होते. वृत्तपत्रांतून आवाज उठल्यावर काम थांबले. पुढे म्हैसूर महानगरपालिकेने ते घर विकत घेतले आणि २०१६ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. येथे शासनाने मालकाला केवळ मनाई केली नाही, तर मोबदलाही दिला. प्रत्येक बंगल्यासाठी हा उपाय शक्य नाही, हे उघड आहे.

दुरुस्ती की बदल?

जगभरातील संवर्धनशास्त्राचे उत्तर बऱ्याच अंशी एकसारखे आहे. आधी दुरुस्ती, ती अशक्य असेल तर कुजलेल्या भागापुरता बदल, आणि अगदीच नाइलाज झाला तर त्याच मापाची, त्याच लाकडाची, त्याच नमुन्याची नवी खिडकी. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने लाकडी खिडक्यांच्या दुरुस्तीवर १९८१ मध्येच मार्गदर्शक पत्रिका काढली होती. इंग्लंडमध्ये १९९० च्या कायद्यानुसार सूचीबद्ध घराच्या स्वरूपावर परिणाम करणारा बदल संमतीविना करणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि लाकडी खिडकीच्या जागी प्लॅस्टिकची खिडकी बसवल्यामुळे मालक अडचणीत येण्याचे प्रसंग तेथे नवे नाहीत.

हा आग्रह केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. जुन्या बंगल्यांतील सागवान हे सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडांच्या गाभ्याचे लाकूड आहे. लागवडीतील कोवळ्या झाडाच्या लाकडात गाभा कमी असतो आणि ते वाळवीला व ओलीला लवकर बळी पडते. शिवाय म्यानमारने एप्रिल २०१४ पासून सागवानी ओंडक्यांची निर्यात बंद केल्याने उत्तम सागवान अधिकच दुर्मीळ झाले. भंगारवाला शंभर वर्षांची खिडकी उचलून नेतो तेव्हा ती भंगार म्हणून विकली जात नाही; घासून-पुसून ती नव्या हॉटेलाच्या किंवा फार्महाउसच्या भिंतीवर चढते. मालकाला मिळालेली किंमत आणि दुकानातील तिची किंमत यांत किती अंतर असते, याची चौकशी करून पाहावी.

बहुतेक वेळा खिडकी संपूर्ण कुजलेली नसते. पाणी साचते तिथे, म्हणजे चौकटीची खालची आडवी पट्टी, झडपांची खालची टोके आणि सांधे यांना कीड लागते. टोचणीने दाबून पाहिले तर लाकूड कुठवर मऊ झाले आहे ते कळते. तेवढा भाग तिरका कापून तिथे जुन्याच सागवानाचे ठिगळ बसवता येते. झडप लोंबत असेल तर दोष अनेकदा बिजागरीच्या झिजलेल्या खिळीत किंवा सैल झालेल्या स्क्रूमध्ये असतो. काच खुळखुळत असेल तर वाळून फुटलेली लांबी काढून जवसाच्या तेलातील नवी लांबी भरावी लागते. या सर्व कामाला दिवस लागतात; मात्र त्यासाठी भिंतीला हात लावावा लागत नाही. चौकट उपटली की चुन्याचा गिलावा फुटतो, वरच्या कमानीला हादरा बसतो आणि ती जखम सिमेंटने बुजवली की चुन्याच्या भिंतीतील ओल बाहेर पडेनाशी होते. खिडकीचा खर्च मोजताना हा पुढचा खर्च सहसा कोणी धरत नाही.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जुन्या रंगांत शिसे असण्याची मोठी शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्यापूर्वीचे थर कोरडे घासणे किंवा ज्योतीने जाळणे म्हणजे विषारी धूळ आणि धूर घरात पसरवणे होय. रंग ओला करून खरवडावा, खपल्या गोळा करून बांधून टाकाव्यात आणि काम सुरू असताना लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

आवाज, डास आणि उकाडा यांचे काय?

दोन काचांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी अर्धीच जागा उघडते. दोन झडपांची जुनी खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. म्हणजे नव्या खिडकीने वारा अर्ध्यावर येतो आणि त्याची भरपाई वातानुकूलन यंत्राने करावी लागते. मंकी टॉप काढून टाकला असेल तर ऊन थेट काचेवर येते आणि यंत्राचे काम आणखी वाढते.

आवाजाची तक्रार मात्र खरी आहे आणि जुनी खिडकी कितीही नीट केली तरी ती पुरती दूर होत नाही. त्यावर इंग्लंडमध्ये रूढ झालेला उपाय येथेही करण्याजोगा आहे. जुन्या खिडकीला धक्का न लावता आतल्या बाजूने दुसरी, स्वतंत्र काचेची खिडकी बसवावयाची. दोन्हींमध्ये चार इंच किंवा त्याहून अधिक अंतर राहिले तर रहदारीचा आवाज लक्षणीयरीत्या कमी होतो. जाड भिंतींच्या बंगल्यात तेवढी जागा बहुधा सहज सापडते. पुढे कोणाला ती नको वाटली तर चार स्क्रू काढून ती बाजूला करता येते. डासांची जाळीही अशीच आतल्या बाजूने, स्वतंत्र चौकटीत बसवावी. झरोके मात्र कायमचे बंद करू नयेत.

कामाचा मुहूर्तही पाहावा लागतो. बंगळुरूत उन्हाळी सरी एप्रिल-मेपासूनच पडू लागतात आणि सप्टेंबर हा तेथील सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक. पावसाळ्यात लाकूड फुगते, झडप अडकते आणि घाईने रंधा मारला की उन्हाळ्यात तिथेच बोटभर फट पडते. त्यामुळे अडकणारी झडप पावसात तासू नये. जानेवारी ते मार्च हा काळ अशा कामाला योग्य. झडपा उतरवण्यापूर्वी प्रत्येक खिडकीचे आतून-बाहेरून छायाचित्र घ्यावे, चौकटीवर आणि झडपेवर एकच क्रमांक घालावा, कारण हाताने घडवलेल्या दोन खिडक्या एका मापाच्या नसतात. जुन्या कड्या, बिजागऱ्या आणि झरोक्याच्या कप्प्या एका डब्यात, त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवाव्यात. पितळेची तशी कप्पी हरवली तर बाजारात ती सहजासहजी मिळत नाही.